तळव्याला जाणीव आहे का?

प्रश्न : मी 46 वर्षांची असून सांगलीत विश्रामबागला राहते. घर स्वतःचे आहे, पती समजूतदार आहेत, दोन्ही मुले शिकत आहेत आणि घरात कोणाला मोठे आजारपण नाही. तरीही सकाळी उठल्यापासून माझी कुरकुर सुरू असते. आई म्हणते, ‘लोकांची दुःखे बघ, म्हणजे आपल्याला काय मिळाले आहे ते कळेल.’ तसे पाहिले की मला भीती वाटते, अपराधी वाटते, पण समाधान वाटत नाही. रोज रात्री पाच चांगल्या गोष्टी वहीत लिहिण्याचा प्रयोग दीड महिना केला. शेवटी हजेरीपट भरल्यासारखे वाटू लागले. आमच्याकडे सोळा वर्षे काम करणाऱ्या मावशी गेल्या दिवाळीत काम सोडून आरगला मुलाकडे राहायला गेल्या. त्यांच्याशी निरोपाचे चार शब्द बोलायचेही राहून गेले, ते मनाला लागून राहिले आहे. तुम्ही इतके रुग्ण पाहिले आहेत. मी कृतघ्न आहे का, आणि हे बदलता येते का?

उत्तर : ताई, मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. गेली सत्तावीस वर्षे मी मिरज आणि सांगलीत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण अर्धांगवायूचे रुग्ण असतात, ज्याला आपल्या खेड्यांतून ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात. अशा रुग्णाला तपासताना मी त्याला डोळे मिटायला सांगते, कापसाचा बोळा त्याच्या तळपायावरून फिरवते आणि विचारते, ‘जाणीव आहे का?’ हा प्रश्न मी हजारो वेळा विचारला असेल. पण हाच शब्द आपण घरात अगदी वेगळ्या प्रसंगी वापरतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. एखाद्या मुलाने आईवडिलांचे कष्ट ओळखले, तर आपण म्हणतो की त्याला जाणीव आहे. ‘कृतज्ञ’ या शब्दाचा अर्थही केलेले जाणणारा एवढाच आहे, आणि ‘कृतघ्न’ म्हणजे केलेले नाहीसे करणारा, म्हणजेच माहीत असूनही ते नाकारणारा. तुमच्या पत्रात नाकारणे कोठेच दिसत नाही. मला त्यात दिसते ती बधिरता आहे, आणि बधिर झालेल्या पायाला आपण दोष देत नाही. त्याच्यातली जाणीव कशी परत येईल, तेवढे पाहतो.

ही बधिरता येते कशी, ते आधी समजून घ्या, कारण तिच्यात तुमच्या स्वभावाचा वाटा तुम्हाला वाटतो त्याहून पुष्कळ कमी आहे. आपल्या त्वचेतील स्पर्शाचे ग्राहक बदल टिपण्यासाठी बनलेले आहेत. हातात बांगडी चढवताना ती जाणवते, आणि थोड्याच वेळात तो स्पर्श मनापर्यंत पोहोचेनासा होतो, कारण जे बदलत नाही त्याविषयी मज्जातंतू वारंवार निरोप पाठवत नाहीत. चष्मा डोळ्यांवर असताना आपण तो घरभर शोधतो, तो याच कारणाने. हालचालींचेही तसेच आहे. लहान मूल चालायला शिकताना प्रत्येक पावलावर पूर्ण लक्ष खर्च करते, आणि एकदा चालणे अंगवळणी पडले की मेंदू ते काम लहान मेंदू, मेंदूच्या खोल भागातील केंद्रे आणि मज्जारज्जू यांच्यावर सोपवून स्वतः मोकळा होतो. या सोयीमुळेच आपण मारुती रोडच्या गर्दीतून भाजीचा हिशोब करत चालू शकतो. याचा अर्थ असा, की ज्या गोष्टी उत्तम चालतात त्या आपल्या नजरेआड व्हाव्यात, अशीच शरीराची रचना आहे. आपले लक्ष बिघाडासाठी राखून ठेवलेले असते. तुमची सकाळची कुरकुर त्याच राखीव लक्षातून येते.

हे मी रोज उलट्या बाजूने पाहते. अर्धांगवायूनंतर सोपवलेली कामे परत येतात आणि प्रत्येक पावलाचा पुन्हा विचार करावा लागतो. 1997 साली स्वीडनमधील संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक साधे निरीक्षण प्रसिद्ध केले होते : ज्या वृद्धांशी चालता चालता बोलायला गेले की ते उत्तर देण्यासाठी जागीच थांबतात, त्यांना पुढे पडण्याचा धोका अधिक असतो. तेव्हापासून मी रुग्णाबरोबर व्हरांड्यात चालताना मुद्दाम त्याच्या गावाची चौकशी करते. कोणी थांबून उत्तर देतो, आणि कित्येक आठवड्यांनी एखाद्या दिवशी तोच रुग्ण न थांबता ऊसतोडीचे रडगाणे सांगत माझ्याबरोबर दाराशी पोहोचतो. तेव्हा त्याला स्वतःला काही कळलेले नसते, पण त्याच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी असते. चालता चालता बोलणे ही मिळालेली गोष्ट आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी मोजले असेल?

गिळण्याचे तर विचारूच नका. एक घास किंवा घोट खाली जाताना तोंडातील, घशातील आणि स्वरयंत्राभोवतीचे पंचवीसहून अधिक स्नायू ठरलेल्या क्रमाने काम करतात, श्वास क्षणभर थांबतो, श्वासनलिकेचे दार बंद होते आणि घोट मागच्या वाटेने अन्ननलिकेत उतरतो. हा क्रम बिघडलेल्या रुग्णाला सर्वांत धोकादायक असते ते साधे पाणी. ते पातळ असल्याने झरकन घसरते आणि दार बंद होण्याआधीच श्वासनलिकेत शिरते, म्हणून अशांना पाणी घट्ट करून चमच्याने द्यावे लागते. तासगाव तालुक्यातील एका द्राक्षबागायतदारांना सात आठवडे असे चमच्याने पाणी घ्यावे लागले. चालायला कधी येईल, हे त्यांनी मला एकदाही विचारले नाही. तांब्याने पाणी कधी पिता येईल, एवढेच ते विचारत. अखेर परवानगी मिळाली त्या दिवशी त्यांनी पेल्यातून एक घोट घेतला, तोंडात थोडा वेळ धरला, हनुवटी शिकवल्याप्रमाणे छातीकडे झुकवून गिळला आणि विचारले, ‘हे बोअरचे आहे ना?’ ते खरेच बोअरचे होते. मी त्याच नळाचे पाणी अनेक वर्षे पीत आले होते आणि ते कोठून येते याचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

पाण्याची गोष्ट निघालीच आहे, तर आपल्या गावाचेही सांगते. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या पुढे गेली होती, जिथे 45 फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. शहराच्या मोठ्या भागात पुरुषभर पाणी होते आणि वरच्या मजल्यांवर अडकलेली माणसे पिण्याच्या पाण्यासाठी होडीची वाट पाहत होती. माझे तीन रुग्ण तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते; त्यांच्या घरच्यांनी ते दिवस कसे काढले, ते ऐकताना आजही अंगावर काटा येतो. पूर ओसरून नळाला पहिल्यांदा स्वच्छ पाणी आले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका बादल्या भरून झाल्यावरही नळाखाली हात धरून उभ्या होत्या. मीही होते. आणि दसरा येईपर्यंत आम्ही सगळ्या जणी पुन्हा पाण्याला जोर नाही म्हणून तक्रार करू लागलो होतो. त्याआधी तीन वर्षे, एप्रिल 2016 मध्ये, याच कृष्णेचे पाणी मिरज स्थानकातून रेल्वेने सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या लातूरला गेले होते. पहिल्या गाडीला पाण्याच्या दहा वाघिणी होत्या आणि त्यांत साधारण पाच लाख लिटर पाणी होते. आपल्या नळाचे पाणी कोणासाठी तरी आगगाडीने पाठवावे लागते, हे पाहायला तेव्हा लोक स्थानकावर गेले होते. तेही आपण विसरलो. यावरून मला एवढेच म्हणायचे आहे, की संकटाने जाणीव येते हे खरे असले, तरी ती संकटाच्या भरवशावर टिकत नाही.

आता तुमच्या आईंच्या सल्ल्याविषयी. त्यांचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही, पण दुसऱ्याचे दुःख पाहून आपले सुख ओळखण्याचा हा मार्ग मला मान्य नाही, आणि त्याचे कारण मी खाटेच्या या बाजूने पाहिले आहे. एकदा रुग्णाला भेटायला आलेल्या एका नातेवाइकाने आपल्या लहान मुलाला खाटेजवळ नेले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, ‘बघ, देवाने तुला धड पाय दिलेत, त्याचे आभार मान.’ मूल घाबरून वडिलांच्या पायांमागे गेले. खाटेवरच्या माणसाने भिंतीकडे तोंड फिरवले आणि त्या दिवशी व्यायामाला नकार दिला. कोणाचेही दुखणे हा दुसऱ्याच्या समाधानाचा माल नसतो. शिवाय तुलनेतून येणारे समाधान भीतीवर उभे असते. आज तो खाटेवर आहे, उद्या मी असेन, हा विचार त्याच्या पोटातच दडलेला असतो. तुम्हाला नेमके तेच वाटले आणि तुम्ही ते प्रामाणिकपणे लिहिले आहे. ते वाटणे चूक नाही, औषध चूक आहे.

वहीच्या प्रयोगाचे मात्र मला कौतुक वाटते आणि तो फसण्याचे कारणही सांगता येईल. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली या विषयावरचे आपले तीन प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांपैकी तिसरा माझ्या व्यवसायाला जवळचा आहे, कारण तो मज्जातंतू आणि स्नायूंचे विकार असलेल्या 65 प्रौढ व्यक्तींवर केलेला होता. त्यांतील एका गटाने 21 दिवस रोज आपल्याला लाभलेल्या गोष्टी लिहिल्या, आणि त्या गटातील लोकांचे मन अधिक प्रसन्न राहिले, झोपही सुधारली. म्हणजे रोज लिहून फायदा होतच नाही असे नाही. परंतु 2005 साली सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या प्रयोगात, सहा आठवडे आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना लाभ झाला आणि आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांना तो दिसला नाही. मला यात नवल वाटत नाही. व्यायामसुद्धा ठरावीक मापाचाच द्यावा लागतो. रोज तोच भार, त्याच वेळी, त्याच पद्धतीने दिला, तर स्नायू सरावतो. तुमची वही रोजच्या बांगडीसारखी झाली.

दुसरे असे, की पाच गोष्टींची यादी बहुधा नावांची असते : घर, मुले, आरोग्य, पती, पाऊस. नाव लिहिले म्हणजे जाणीव होत नाही. आपल्याकडे बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात, ती आठवा. वर्षभर ज्या खांद्यावर जू होते, तोच खांदा कोमट पाण्याने शेकतात आणि त्याला हळद आणि लोणी किंवा तेल लावून चोळतात. शिंगे रंगवणे, झूल घालणे, मिरवणूक काढणे हे सगळे दुसऱ्या दिवशीचे. आधी हात जातो तो नेमका कष्ट झालेल्या जागी. शेतकऱ्याने बैलाचे मोघम आभार मानलेले नसतात. स्नायू कोठे आखडला आहे ते बोटांनी शोधण्याचे काम करत माझे आयुष्य गेले, त्यामुळे कदाचित हा विधी मला इतका आवडत असेल, पण मला त्याच्याइतकी अचूक कृतज्ञता दुसरी माहीत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की रोजची वही बंद करा आणि आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी म्हणा, एकच गोष्ट घेऊन तिच्यातले काम उलगडून पाहा. उदाहरणार्थ भाकरीचा तुकडा घ्या. करंगळी आणि अनामिकेने भाकरी ताटात दाबून धरायची आणि अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांनी तुकडा मोडायचा, ही एका हाताने करायची कसरत आपण लहानपणी कधी शिकलो ते आठवतही नाही. एकदा डाव्या हाताने करून पाहा, म्हणजे उजव्या हाताला काय काय येते ते कळेल. (हाताच्या रुग्णांना मी भाकरीचाच व्यायाम देते, पोळी मोडण्यापेक्षा तो अवघड असतो आणि जमला की रुग्ण हरखतो.) नंतर हातापासून पुढे जा. ज्वारी कोणत्या रानातली, ती दळायला कोण घेऊन गेले, तव्यावर पाण्याचा हात कोणी फिरवला. ही कल्पनेची खेळी वाटेल, पण प्रत्यक्षात ती तपासणी आहे, आणि तपासणीत माणसे सापडतात.

याच्या जोडीला वजाबाकीचा एक प्रकार आहे, जो 2008 साली मिनक्युंग कू, टिमोथी विल्सन, डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिला. आयुष्यातील एखादी चांगली घटना कशी घडली हे लिहिण्यापेक्षा, ती घडली नसती तर कसे झाले असते, हे लिहिल्यावर लोकांचे मन अधिक प्रसन्न झाल्याचे त्यांना आढळले. इथे तुलना दुसऱ्याच्या दुःखाशी होत नाही. आपल्याच आयुष्यातला तुकडा आपण घटकाभर बाजूला ठेवतो आणि परत घेतो. पतींशी तुमची पहिली भेट कोणत्या किरकोळ योगायोगाने झाली, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. त्यांना त्यानंतर ‘मी तुमची आभारी आहे’ असे म्हणावे लागेल असे समजू नका. आपल्या घरांत आभार हा शब्द सभेतल्यासारखा वाटतो आणि ऐकणारा अवघडतो. माझ्या सासऱ्यांनी सासूबाईंना तो शब्द उभ्या आयुष्यात वापरला नसेल, पण ताटावरून उठताना ‘आज आमटी नेहमीपेक्षा दाट झाली होती’ असे ते म्हणत, आणि त्यात सगळे येई. काय केले गेले ते नेमके ओळखून बोलणे, हीच आपली पद्धत आहे.

झोपेचे एक उदाहरण मी प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना सांगते. निरोगी माणूस रात्री झोपेतच अनेकदा कूस बदलतो आणि त्याला सकाळी काही आठवत नाही. ज्याला स्वतःला वळता येत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर दाबाखाली रक्तपुरवठा थांबून त्वचेला जखमा होतात. म्हणजे घरातल्या कोणीतरी बाराला, दोनला आणि चारला गजर लावून उठायचे असते. वर्षानुवर्षे असे उठणाऱ्या सुना, मुलगे आणि म्हाताऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि ज्या रुग्णाच्या पाठीवर तीन वर्षांनीही एक ओरखडा नसतो, त्याच्या पाठीकडे पाहून मी त्या घराला मनोमन नमस्कार करते.

एका बाबतीत सावध करणे माझे कर्तव्य आहे. कृतज्ञतेने तक्रारीचे तोंड दाबू नये. घरातील कामाचा सगळा भार तुमच्यावर पडत असेल, पाठ दुखत असेल, एखादा अन्याय होत असेल, तर ‘मला पुष्कळ मिळाले आहे’ म्हणून तो गिळू नका. दुखणे लपवणाऱ्या रुग्णाचे माझ्याकडे नेहमी नुकसानच झाले आहे. तसेच दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ही कुरकुर नाही, तो आजार असू शकतो आणि वहीने तो बरा होत नाही. अशा वेळी डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते.

राहिल्या मावशी. खरे तर तुमच्या पत्रातली सर्वांत जिवंत ओळ तीच आहे, आणि जिला जाणीव नाही तिच्या मनाला ती लागून राहिली नसती. इतके महिने गेल्यावर जाणे विचित्र वाटेल, असे तुम्हाला वाटत असणार. 2018 साली अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी लोकांना कृतज्ञतेची पत्रे लिहायला लावली आणि ती मिळाल्यावर काय वाटेल याचा अंदाज लिहिणाऱ्यांकडून आधीच घेतला. पत्र मिळणारा अवघडेल, असा अंदाज लिहिणाऱ्यांनी वाजवीपेक्षा जास्त बांधला होता, आणि त्याला किती आनंद होईल याचा फार कमी. शब्द नीट जमतील का, याची चिंता लिहिणाऱ्यांना होती, तर वाचणाऱ्यांना आपुलकी पोहोचली होती. तेव्हा आरगला जा. मिरजेहून ते काही दूर नाही. साडी आणि पेढे नेलेत तर चांगलेच, पण ते हातात देऊन लगेच उठू नका, कारण नुसती भेटवस्तू पुन्हा मोघम होते. जाण्यापूर्वी रविवारची ती तपासणी मावशींच्या सोळा वर्षांची करा. पहाटे नळाला पाणी येई तेव्हा दार कोण वाजवत असे, मुले तापाने फणफणली असताना तुम्हाला कामावर कोणी जाऊ दिले, पुराच्या वर्षी घरातला चिखल कोणाबरोबर उपसला, असे जे तुमच्या घरी प्रत्यक्ष घडले असेल ते आठवा आणि त्यांतले एक किंवा दोनच प्रसंग त्यांच्यासमोर बसून त्यांना सांगा. त्या बहुधा ‘त्यात काय एवढं’ म्हणतील आणि चहा ठेवायला उठतील. त्यांच्यामागे स्वयंपाकघरात जा, आणि त्या दिवशी चहा तुम्ही करा.